वाईट कादंबऱ्या नीट वाचणारी बाई

एक तरुण बऱ्याच वर्षांनी एका गावात येतो. तिथलं एक महत्त्वाचं काम बंद पडलेलं असतं. लोक थकलेले, एकमेकांवर चिडलेले. "इथे काही होणार नाही," असं जो तो सांगतो. तरुण पेटून उठतो. माणसं गोळा करतो, वरच्या साहेबांशी भांडतो, एखाद्या जाणत्या माणसाकडून दोन गोष्टी शिकतो. मध्येच मोठं संकट येतं, कुणीतरी जवळचं जातं. शेवटी काम पूर्ण होतं, गर्दी जमते, डोळे पाणावतात. सुरुवातीला उतावळा असलेला हिरो आता शहाणा झालेला असतो.

'स्वदेस' आठवला असेल, तर तुमचं फारसं चुकलं नाही. मोहन भार्गव चरणपूरला येतो आणि पाण्यावर वीज तयार करून जातो. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेलं ते गाव आपल्याला पाठ आहे. पण वर सांगितलेली गोष्ट 'स्वदेस'ची नाही. ती १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिमेंट' नावाच्या रशियन कादंबरीची आहे. तिचा लेखक फ्योदोर ग्लादकोव्ह. आणि खरं तर ती फक्त 'सिमेंट'चीही नाही. पुढची तीसेक वर्षं सोव्हिएत संघात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली. कधी कारखाना, कधी धरण, कधी सामुदायिक शेती, कधी तेलाची विहीर. माणसांची नावं बदलली, गोष्ट तीच राहिली.

अशा कादंबऱ्यांना 'प्रचारकी' म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. कतेरीना क्लार्क या प्राध्यापक बाईंनी ते केलं नाही. त्यांनी या कादंबऱ्या मन लावून वाचल्या, शिकवल्या, आणि १९८१ साली त्यांवर एक पुस्तक लिहिलं : 'द सोव्हिएत नॉव्हेल : हिस्टरी ॲज रिच्युअल'. म्हणजे 'सोव्हिएत कादंबरी : विधी म्हणून इतिहास'. २०२४ मध्ये क्लार्क गेल्या. हा लेख म्हणजे श्रद्धांजली नाही. त्यांच्याकडून काय घ्यावं आणि त्यांच्याशी कुठे भांडावं, एवढंच मला तपासायचं आहे.

घरातच आलेला रशिया

क्लार्क ऑस्ट्रेलियन. जन्म १९४१चा. वडील मॅनिंग क्लार्क हे ऑस्ट्रेलियाचे गाजलेले इतिहासकार. देशाचा सहा खंडी इतिहास त्यांनी एकहाती लिहिला. आई डिम्फना अनेक भाषा जाणणारी, अनुवाद करणारी. सहा भावंडांत कतेरीना दुसरी.

१९५८ साली मॅनिंग क्लार्क सोव्हिएत संघाचा दौरा करून आले आणि दोन वर्षांनी त्यावर त्यांनी 'मीटिंग सोव्हिएत मॅन' हे छोटं पुस्तक लिहिलं. ते कम्युनिस्ट नव्हते. पण शीतयुद्धाच्या काळात रशियाबद्दल शिव्यांखेरीज काहीही बोललं, तरी माणूस संशयित ठरायचा. तो संशय त्यांच्या मृत्यूनंतरही टिकला. ते १९९१ साली वारले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्राने पान भरभरून छापलं की या इतिहासकाराला 'ऑर्डर ऑफ लेनिन' मिळाला होता आणि ते सोव्हिएतांचे हस्तक होते. पुरावा टिकला नाही. लेनिनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७० साली वाटलेलं एक साधं पदक तेवढं त्यांच्याकडे होतं. तिथल्या प्रेस कौन्सिलने वर्तमानपत्राला दोषी धरलं.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. ज्या घरात रशिया हा विषयच बाहेरच्यांच्या नजरेत गुन्हा होऊ शकतो, त्या घरातली मुलगी पुढे रशियन साहित्याची प्राध्यापक होते. तिला दोन सोप्या वाटा मोकळ्या असतात. एक, वडिलांच्या बाजूने वकिली करायची. दोन, आपण त्या गावचेच नाही हे जगाला पटवायला रशियाला दुप्पट शिव्या घालायच्या. क्लार्क यांच्या लेखनात यातलं काहीच सापडत नाही. त्यांचा आवाज थंड आहे. काही वेळा जरा जास्तच थंड, पण त्याबद्दल पुढे बोलू.

क्लार्क अमेरिकेत गेल्या, येल विद्यापीठातून पीएचडी केली आणि पुढे दीर्घकाळ तिथेच शिकवलं. त्या पिढीच्या अमेरिकेत रशियन शिकवण्याला एक वेगळाच रंग होता. १९५७ साली स्पुत्निक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी कायदा करून सरकारने विज्ञानाबरोबर परकीय भाषांसाठीही पैसा मोकळा केला. शत्रू ओळखायचा तर त्याची भाषा यायला हवी, हा त्यामागचा सरळ हिशेब.

साहित्याच्या वर्गात मात्र शत्रूचं पुस्तक सहसा नसे. तिथे तल्स्तोय, दस्तयेव्हस्की, चेखव्ह असत. विसाव्या शतकात आलं की अख्मातोवा, मांदेलश्ताम, पास्तरनाक : सत्तेने छळलेले, गप्प केलेले, मोठे लेखक. ते मोठे होतेच. पण सोव्हिएत संघात कोट्यवधी लोक ज्या कादंबऱ्या वाचत होते, शाळेत ज्यांवर निबंध लिहीत होते, त्या साहित्याच्या प्राध्यापकाच्या टेबलावर फारशा येत नसत. त्या राज्यशास्त्रवाल्यांकडे जात. तेही त्यांतून धोरणं शोधत, साहित्य नव्हे. अपवाद होते. रूफस मॅथ्यूसन यांनी १९५८ सालीच रशियन साहित्यातल्या 'आदर्श नायका'वर पुस्तक लिहिलं होतं. व्हेरा डनहम यांनी १९७६ मध्ये स्तालिनकाळातल्या मध्यम दर्जाच्या कथा-कादंबऱ्यांतून तिथल्या मध्यमवर्गाचं मन उकललं होतं. क्लार्क आकाशातून पडल्या नाहीत. पण या साऱ्या ढिगाला एकच सांगाडा आहे आणि तो वाचण्याची रीत साहित्याचीच असली पाहिजे, हे इतक्या नेटाने त्यांनीच मांडलं.

सत्यनारायणाची पूजा आणि कादंबरी

क्लार्क यांचा मुख्य मुद्दा आपल्याला पटकन कळेल, कारण आपण विधींच्या देशात राहतो.

सत्यनारायणाची कथा ऐकायला कुणी "पुढे काय होणार?" या उत्सुकतेने बसत नाही. साधुवाण्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ती कथा वाचावी लागते, क्रमाने वाचावी लागते, आणि ती वाचून झाल्यावर घरात काहीतरी 'झालं' असं वाटतं. तिथे नावीन्य हा गुण नाही. बरोबर म्हटली जाणं हा गुण आहे.

ही उपमा माझी, पण क्लार्क यांचा युक्तिवाद याच जातीचा आहे. त्यांचं म्हणणं असं : सोव्हिएत कादंबरीला आपण पाश्चात्त्य कादंबरीच्या फूटपट्टीने मोजतो. शैली कुठे आहे, व्यक्तिरेखेची खोली कुठे आहे, लेखकाचा स्वतःचा आवाज कुठे आहे, असं विचारतो आणि नापास करतो. पण ती कादंबरी मुळात वेगळं काम करत होती. ती समाजाला स्वतःच्या इतिहासाची गोष्ट एका माणसाच्या रूपात पुन्हा पुन्हा सांगत होती.

कुठली गोष्ट? इथे लेनिन येतो. १९०२ सालच्या 'काय करावे?' या पुस्तिकेत त्याने म्हटलं होतं की कामगार आपल्याआप चिडेल, संप करेल, पण क्रांतीची जाणीव त्याला आपल्याआप येणार नाही. ती संघटनेकडून यावी लागेल. एका बाजूला उत्स्फूर्त ऊर्मी, दुसऱ्या बाजूला शिस्तबद्ध जाणीव. क्लार्क म्हणतात, सोव्हिएत कादंबरीचं मूळ कथानक म्हणजे पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा प्रवास. नायक तापट, शूर, प्रामाणिक असतो, पण कच्चा असतो. त्याला एक गुरू भेटतो. परीक्षा होते. मृत्यू जवळून जातो. आणि शेवटी तो 'जाणता' होतो. मुलाला बाप्या करणारे विधी जगभरच्या समाजांत असतात. मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांचे टप्पे नोंदवलेले आहेत. क्लार्क यांनी तेच टप्पे कादंबऱ्यांत दाखवले, आणि पुस्तकाच्या शेवटी कारखान्याच्या कादंबरीचा नमुना-आराखडाच देऊन टाकला. आजच्या भाषेत, टेम्प्लेट.

एकदा हे डोक्यात बसलं की पुस्तकं उघडी पडायला लागतात. गोर्कीच्या 'आई'मध्ये पावेल व्लासव्ह हा दारुड्या बापाचा मुलगा पुस्तकं वाचून जाणता होतो आणि त्याच्या मागोमाग त्याची मार खाल्लेली, देवभोळी आईही. फुर्मानोव्हच्या 'चापायेव्ह'मध्ये (१९२३) शेतकरी सेनापती चापायेव्ह म्हणजे नुसती ऊर्मी, आणि त्याच्याबरोबर नेमलेला कमिसार म्हणजे जाणीव. फुर्मानोव्ह स्वतः खऱ्या चापायेव्हचा कमिसार होता. ओस्त्रोव्स्कीच्या 'पोलाद कसे घडले'मध्ये पावेल कोर्चागिन हा मारामाऱ्या करणारा पोऱ्या झुख्राय नावाच्या खलाशाच्या हाताखाली तयार होतो, लढतो, राबतो, शरीराने संपतो आणि आंधळा, लुळा झाल्यावर पुस्तक लिहितो. ओस्त्रोव्स्कीचं आयुष्यही असंच होतं. तो १९३६ साली बत्तिसाव्या वर्षी गेला.

यातली एक गंमत बघा. 'आई' १९०६-०७ची. 'चापायेव्ह' १९२३चं. 'सिमेंट' १९२५चं. 'समाजवादी वास्तववाद' ही संज्ञा मात्र आली १९३२ साली, आणि ऑगस्ट १९३४च्या लेखक-काँग्रेसमध्ये ती अधिकृत झाली. म्हणजे नियम नंतर आले, नमुने आधीच होते. क्लार्क यांचं निरीक्षण इथे फार मोलाचं आहे : समाजवादी वास्तववाद म्हणजे काय हे व्याख्येतून कुणालाच धड कळलं नाही. लेखकांना कळली ती उदाहरणं. भाषणांत त्याच पुस्तकांची नावं घेतली जात, आणि लेखक समजून जात की लिहायचं ते 'असं'. आणि हे वळणही पक्षाने शून्यातून बनवलं नव्हतं. चेर्निशेव्हस्कीची १८६३ची 'काय करावे?' ही कादंबरी (लेनिनने शीर्षक तिथूनच उचललं), जुन्या संतांची चरित्रं, लोककथांतले वीर, हे सगळं त्यात मुरलेलं होतं.

शाई पुसून पुन्हा

"ठीक आहे, पण याचा उपयोग काय?" असा प्रश्न इथे येणारच.

माझं उत्तर असं. विचारसरणी म्हटलं की आपण घोषणा शोधतो. एखादा सिनेमा प्रचारकी आहे का हे ठरवताना आपण संवाद ऐकतो, झेंडे मोजतो. क्लार्क सांगतात, घोषणांकडे बघू नका, आकार बघा. कोण वयाने मोठा होतो, कुणाच्या हाताखाली होतो, कोण मेल्याने गोष्ट पुढे सरकते, शेवटी गर्दीसमोर कोण उभा असतो. विचारसरणी तिथे राहते. म्हणूनच ती सहज दिसत नाही आणि सहज मरतही नाही.

आणि सत्तेला हे बरोबर कळत होतं. अलेक्सांद्र फादेयेवचं उदाहरण घ्या. नाझींच्या ताब्यातल्या क्रास्नोदोन गावातल्या किशोरवयीन मुलांनी गुप्त संघटना काढली आणि ती मारली गेली. त्या खऱ्या घटनेवर त्याने 'तरुण पहारा' ही कादंबरी लिहिली. १९४६ मध्ये तिला स्तालिन पारितोषिक मिळालं. पण १९४७ मध्ये टीका सुरू झाली : या मुलांना मार्ग दाखवणारा पक्ष कुठे आहे? म्हणजे, क्लार्क यांच्या भाषेत, गुरू कुठे आहे? फादेयेव लेखक-संघाचा प्रमुख होता, बलाढ्य माणूस होता. तरी त्याने मुकाट्याने कादंबरी पुन्हा लिहायला घेतली आणि १९५१ मध्ये पक्षाच्या जाणत्या माणसांची भर घातलेली आवृत्ती आली. एका ओळीतही मूळ पुस्तक सरकारविरोधी नव्हतं. फक्त आकार चुकला होता. १९५६च्या मे महिन्यात फादेयेवने स्वतःला गोळी घालून घेतली.

याच्या उलट बाजूही आहे. सगळ्यांना आकार पाठ असेल, तर त्यात केलेला बारीकसा बदलही ऐकू जातो. सोल्झेनित्सिनची 'इव्हान देनीसोविचच्या आयुष्यातला एक दिवस' १९६२ साली मासिकात आली, तेव्हा छळछावणीबद्दल असं छापून येणं हाच भूकंप होता. पण क्लार्क यांचा आराखडा हातात घेऊन तिच्यातला भिंत बांधण्याचा प्रसंग वाचा. कैदी शूखव्ह थंडीत विटेवर वीट रचतो आणि कामात रमून जातो. टोळीप्रमुख आहे, कामाचं उद्दिष्ट आहे, वेळेशी शर्यत आहे. कारखान्याच्या कादंबरीतले सगळे भाग आहेत, फक्त कारखान्याच्या जागी तुरुंग आहे. सोव्हिएत वाचकाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेपासून त्याच साच्यावर त्याचे कान तयार झाले होते. अधिकृत कादंबऱ्या न वाचलेल्या अमेरिकन वाचकाला मात्र ही मेख दिसणं अवघड. म्हणजे चांगलं पुस्तक नीट कळायला वाईट पुस्तकं वाचलेली लागतात. क्लार्क यांच्या अख्ख्या कारकिर्दीची बाजू मांडायला मला एवढं एकच उदाहरण पुरेल.

न्यूर्का

आता भांडण.

'सिमेंट'कडे परत जाऊ. ग्लेब चुमालोव्ह तीन वर्षांनी यादवी युद्धातून परततो. कारखाना मेलेला आहे. आवारात शेळ्या फिरतात, कामगार सुटे भाग चोरून सिगारेट पेटवायचे लायटर करून विकतात. एक म्हातारा मिस्त्री तेवढा बंद पडलेली डिझेल इंजिनं रोज पुसून चकचकीत ठेवतो. घरी बायको दाशा ओळखू येत नाही; ती आता पक्षाच्या महिला विभागात काम करते, नवऱ्याची वाट बघत बसलेली नाही. आणि त्यांची लहान मुलगी, न्यूर्का, बालगृहात आहे.

बालगृहात पोटभर अन्न नाही. दाशा येऊन भेटत राहते, पण मुलीला घरी नेत नाही. तिच्या नव्या आयुष्यात ते बसत नाही. न्यूर्का हळूहळू वाळत जाते आणि मरते. पुढे दाशा ग्लेबचं घर सोडते. शेवटच्या प्रकरणात कारखाना सुरू होतो, डोंगरउतारावर माणसांचा समुद्र जमतो, ग्लेब भाषण करायला उभा राहतो.

टेम्प्लेटमध्ये या मृत्यूला जागा आहे. जवळच्या कुणाचा तरी बळी जातो, नायक त्यातून तावून सुलाखून निघतो. क्लार्क यांच्या वाचनपद्धतीत मृत्यू हा विधीतला एक टप्पा होतो. आणि नेमकं इथेच मला ती पद्धत अपुरी वाटते. न्यूर्का टप्पा नाही. ती त्या कादंबरीला पडलेली भेग आहे. कारखाना सुरू झाल्याने ती भरत नाही, आणि ग्लादकोव्हला हे कुठेतरी जाणवत असावं, नाहीतर मूल मेल्यावर त्याने आईबाप पुन्हा एकत्र आणले असते. त्याने ते केलं नाही. पुढे आयुष्यभर तो 'सिमेंट' पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, भाषा घासत राहिला, काळाच्या मागणीप्रमाणे पुस्तक बदलत राहिला. न्यूर्का काही जिवंत झाली नाही.

आराखडा शोधणाऱ्या टीकेचा हा धोका असतो. शंभर कादंबऱ्यांत काय सारखं आहे हे ती अचूक सांगते. एका कादंबरीत काय बसलं नाही, याकडे तिचं लक्ष कमी जातं. विधी ज्यांना पावन करतो त्यांच्याकडे ती बघते. विधीत ज्यांचा बळी जातो त्यांच्याकडे कमी.

हाच प्रश्न त्यांच्या नंतरच्या कामातही डोकावतो. २०११ साली आलेलं 'मॉस्को, द फोर्थ रोम' हे पुस्तक १९३१ ते १९४१ या दशकावर आहे. स्तालिनच्या मॉस्कोला तेव्हा जगाच्या संस्कृतीची राजधानी व्हायचं होतं, हे त्यात चार माणसांच्या आधारे उलगडलं आहे : आयझेनश्टाइन, त्रेत्याकोव्ह, कोल्त्सोव्ह आणि एरेनबुर्ग. हे चौघे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश लेखक-कलावंतांशी पूल बांधत होते. स्तालिनकाळ म्हणजे बंद दारं, ही आपली सोपी समजूत त्याने मोडते आणि ते मोठं काम आहे. पण त्रेत्याकोव्हला १९३७ साली गोळी घातली गेली, कोल्त्सोव्हला १९४० साली. क्लार्क हे लपवत नाहीत. तरीही पुस्तक मिटल्यावर मनात जास्त राहतो तो पूल. त्यावरून खाली ढकललेली माणसं कमी. मगाशी ज्याला थंड आवाज म्हटलं, त्याची ही किंमत.

आणखी दोन हिशेब. १९८४ साली मायकेल होलक्विस्ट यांच्याबरोबर क्लार्क यांनी मिखाइल बाख्तिनचं चरित्र लिहिलं. तुरुंग, हद्दपारी, आणि मग सारान्स्कसारख्या आडवळणी गावात मास्तरकी करणाऱ्या या विचारवंताला इंग्रजी जगात पोचवण्यात त्या चरित्राचा मोठा वाटा आहे. पण त्यांनी ठामपणे सांगितलं होतं की व्होलोशिनोव्ह आणि मेदवेदेव या मित्रांच्या नावावरची पुस्तकंही मूळ बाख्तिनचीच. पुढच्या अभ्यासकांनी हा दावा जोरात खोडून काढला, आणि मला त्यांचंच पटतं. दुसरा हिशेब नावाचा. 'सोव्हिएत कादंबरी' म्हणताना क्लार्क यांच्यासमोर मुख्यतः रशियन भाषेतल्या कादंबऱ्या आहेत. 'पोलाद कसे घडले' घडते युक्रेनमधल्या शेपेतिवकात, पण त्या कादंबरीत युक्रेन हा स्वतंत्र प्रश्न म्हणून येतच नाही. २०२२च्या फेब्रुवारीनंतर हे वाचताना खटकल्यावाचून राहत नाही. जगभरच्या स्लाव्हिक विभागांत आता हाच वाद चालू आहे की इतकी वर्षं आपण साम्राज्याच्या भाषेलाच सगळं स्लाव्ह जग समजत होतो का.

मुंबईची गिरणी

हे सगळं मराठीत कशाला, असं वाटत असेल तर एखाद्या जुन्या वाचनालयात जाऊन बघा. मॉस्कोत छापलेली, जाड पुठ्ठ्याची, हास्यास्पद वाटावं इतक्या कमी किमतीची मराठी पुस्तकं तिथे अजून सापडतात. मुंबईत प्रभादेवीच्या लोकवाङ्मय गृहात ती मिळत. 'सोव्हिएत देश' नियतकालिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आपल्या आईबाबांच्या वह्यांना असत. गोर्कीची 'आई' तर मराठीत घरची झाली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहून गेले. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' या नावाशेजारी गोर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाचं नाव ठेवून बघा.

या वाचकांनी ती पुस्तकं विधी म्हणून वाचली नाहीत. त्यांच्यावर कोणी परीक्षा लादली नव्हती, ती वाचून बढती मिळणार नव्हती. चाळीतल्या खोलीत, पाळी संपल्यावर, मार खाणारी एक आई अक्षरं शिकते हे वाचून कुणाला रडू आलं असेल, तर ते रडू टेम्प्लेटचं नव्हतं. मॉस्कोत ज्याचा साचा झाला होता, ते इथे ताजं होतं. एकच पुस्तक एका देशात हुकूम आणि दुसऱ्या देशात हिंमत होऊ शकतं. 'द सोव्हिएत नॉव्हेल'मध्ये या परक्या वाचकाला जागा नाही.

ही उणीव क्लार्क यांनाही जाणवली असावी, असं मला त्यांच्या शेवटच्या मोठ्या पुस्तकावरून वाटतं. २०२१ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'युरेशिया विदाउट बॉर्डर्स' लिहिलं. १९१९ ते १९४३ या काळात तुर्कस्तान, इराण, चीन, भारत इथल्या डाव्या लेखकांनी मॉस्कोकडे बघत, तरी आपापल्या मातीतून, एक सामायिक साहित्य उभारायचं स्वप्न पाहिलं, त्याची ही कहाणी. त्यात मुल्कराज आनंद आहेत. आयुष्याचा मोठा काळ मुंबईत आणि खंडाळ्यात घालवलेले, २००४ साली पुण्यात वारलेले, म्हणजे जवळजवळ आपलेच.

त्यांची 'कुली' (१९३६) क्लार्क यांच्या जुन्या टेम्प्लेटला लावून बघा. पोरका मुन्नू भटकत मुंबईच्या कापडगिरणीत येतो. कामगार चिडलेले आहेत, संप होऊ घातलाय, जाणीव देणारा पुढारीही आहे. सगळं जमून आलंय. सोव्हिएत कादंबरीत इथे मुन्नू जाणता झाला असता. पण सभेत एक अफवा पसरते, कुणाचं तरी मूल पळवल्याची, आणि बघता बघता संपाचा हिंदू-मुस्लिम दंगा होतो. गोंधळात मुन्नूला एका मडमेची मोटार धडकते. ती त्याला सिमल्याला घेऊन जाते, तिथे तो रिक्षा ओढतो आणि क्षयाने मरतो. ऊर्मी होती, जाणीवही दारापर्यंत आली होती. मध्ये आपला देश आला. कादंबरी फसली असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आनंद यांनी साचा प्रामाणिकपणे वापरला आणि तो जिथे तुटतो तिथे प्रामाणिकपणे तुटू दिला. साचा कुठे तुटला हे मला दिसलं, कारण तो कसा असतो हे क्लार्क यांनी दाखवून ठेवलं होतं.

म्हणून माझं भांडण अर्धवटच राहतं. न्यूर्काकडे बघा असं मी त्यांना सांगते, पण न्यूर्का मला दिसली ती त्यांच्यामुळे 'सिमेंट' हातात घेतलं म्हणून. नाहीतर त्या पुस्तकावर 'प्रचारकी' असा शिक्का मारून मी पुढे गेले असते आणि ती मुलगी तिथेच, न वाचलेल्या पानांत राहिली असती.

पुढच्या वेळी मोबाइलवर एखादा ट्रेलर बघाल. देश संकटात, तापट पोरगा, कडक पण प्रेमळ गुरू, मधोमध एक चिता, शेवटी गर्दी. आवडला तर आवडू द्या, राग आला तर येऊ द्या. पण शेअर करण्याआधी किंवा शिवी टाइप करण्याआधी एकदा मोजून बघा : या गोष्टीत मोठं कोण होतंय, आणि ते मोठं व्हावं म्हणून मरतंय कोण. जमलं तर त्या मरणाऱ्याचं नाव काय होतं, तेही आठवून बघा.